मोडायला काढलेली होडी

फायबरची होडी कुजत नाही. विकणाऱ्या दुकानदाराने तसं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि तो गृहस्थ जन्मात एकदा खरं बोलला असेल तर तो तेव्हाच. "लाकडाला कीड लागते, लोखंडाला गंज चढतो. हिला काही म्हणजे काही होत नाही. नातवंडांना पुरेल." बाबांनी ती घेतली आणि सव्वीस वर्षं चालवली. मग तळाचे थर सुटले, आत पाणी मुरायला लागलं, पाय टाकला की तळ ओल्या पुठ्ठ्यासारखा दबायला लागला. गेली दोन वर्षं ती धक्क्याच्या उतारावर कलंडून पडली होती. मेली होती, पण कुजायचं नाव घेत नव्हती.

आणि नेमकी तीच अडचण होती. उतारावर एका घराला एक जागा आणि एका जागेवर एक होडी, असा धक्क्याचा नियम. जागा असली तर होडीची नोंद होते, डिझेल मिळतं, बर्फ मिळतो. जागा नसली तर होडी असून नसल्यासारखी. जागेसाठी ताटकळणाऱ्या लोकांची यादी कार्यालयाच्या दारावर डकवलेली होती, अकरा नावांची, आणि येता-जाता ते अकराही जण ह्या मेलेल्या होडीकडे फार प्रेमाने बघायचे.

वाऱ्याचे महिने संपत आले होते. मोठ्या पाण्यातली मासेमारी सुरू व्हायला आठ दिवस होते, तेव्हा निरीक्षक बाई हातात कागद घेऊन उतारावर आल्या. होडीच्या अंगावर त्यांनी पेनाने दोनदा टकटक केलं.

"तरंगते का?"

"तरंगायची," बाबा म्हणाले.

"आता तरंगते का?"

बाबा खांदा चोळत राहिले. उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निकामी झाला होता. होडी आणि खांदा एकाच हंगामात गेले.

"आठ दिवसांनी मी येईन. जागा रिकामी दिसली तर तुमची. नाहीतर यादीतल्या पहिल्या माणसाची." कागद बाबांच्या हातात देऊन बाई पुढच्या होडीकडे गेल्या.

हे ऐकून कागद बाबांच्या हातातून ओढून दोनदा वाचला तो थोरलीने, बाबांच्या मुलीने. तिच्या पाठचा भाऊ शिकून शहरात गेला, त्याला पाण्याचा वासही नको. थोरलीचं उलटं. वय चौतीस, लग्न एकदा ठरलं, मोडलं, आणि त्याचं तिला वाईट वाटल्याचं कोणी पाहिलं नाही. वाईट वाटलं ते होडी गेल्याचं. दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या होड्यांवर जात होती. पाणी उपसायला थोरली, मासळी निवडायला थोरली, अडकलेलं जाळं सोडवायला कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं तर थोरली. पण होडी चालवायला इंजिनाच्या दांड्याला हात लावला की मालक म्हणायचा, "राहू दे, मी बघतो." जिला सबंध खाडी डोळे मिटून ठाऊक, तिने हे दोन वर्षं ऐकलं होतं.

आणि आता कुठे दार उघडत होतं. खाडीपलीकडच्या आत्याच्या यजमानांनी गुडघ्यांपायी पाण्यात जाणं सोडलं होतं. त्यांची होडी लहान, पण खणखणीत. आत्याने निरोप धाडला होता, "थोरलीला सांगा, घेऊन जा. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही मला. पण आधी जागा कर म्हणावं." जागा तर होती. त्या जागेवर हे धूड पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्याने होडीला फेरा मारला, बोटांनी ठोकून बघितलं, वाकून खाली बघितलं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखा त्याचा तोरा.

"इंजिनाची पट्टी घेतो. कड्या घेतो. बोल्ट घेतो."

"आणि होडी?"

"तिचं मी काय करू, ताई? वितळत नाही, वाकत नाही. जाळली तर धुराने गाव आजारी पडतं. लोखंड असतं तर उचलून डोक्यावर घेऊन नाचलो असतो." पट्टी, कड्या, बोल्ट काढून तो गेला. जाताना म्हणाला, "कचरा डेपोवर विचारा."

थोरली सायकलवरून कचरा डेपोवर गेली. तिथल्या मुकादमाने नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. अख्खी होडी चालणार नाही. हातभर लांबीचे तुकडे करून आणा. आत दुसरं काही निघालं तर ते वेगळं करून आणा. शनिवारपर्यंत आणा, कारण शनिवारी सिमेंटच्या भट्टीचा ट्रक येतो, तो हे तुकडे भट्टीत जाळायला नेतो, आणि पुढचा ट्रक थेट दोन महिन्यांनी.

"म्हणजे कापायची," घरी येऊन ती म्हणाली.

बाबा जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"कापायला ती काय भोपळा आहे?"

"मग काय करायचं? तुम्ही सांगा."

"माझ्या आजोबांची होडी कोणी कापली नव्हती. म्हातारी झाली, खोल पाण्यात नेली, दगड भरले, सोडली. होडीला पाण्यातच जाऊ द्यावं."

"ती लाकडाची होती, बाबा. ही पाण्यात तशीच पडून राहील, लोकांची जाळी फाडेल. आणि नियमात बसत नाही."

"नियम!" बाबा उठले. हात न धुताच अंगणात जाऊन बसले. आई थोरलीला म्हणाली, "त्यांना दोन दिवस दे. गळ घातल्याशिवाय ते लग्नालासुद्धा उभे राहिले नव्हते."

दोन दिवस द्यायला होते कुठे? पण थोरलीने एक द्यायचं ठरवलं. तीच चूक झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उतारावर गेली, तर जागा रिकामी. वाळूवर ओढल्याची खूण पाण्यापर्यंत गेलेली. ती धावत घरी आली. बाबा चहा पीत होते, पाय चिखलाने माखलेले, आणि चक्क गुणगुणत होते.

"होडी कुठाय?"

"जिथं जायला हवी होती तिथं."

"कोणी मदत केली?"

बाबांनी शेजारच्या घराकडे बघितलंही नाही, आणि त्यावरूनच तिला कळलं. शेजारच्या काकांना सगळा धक्का हवामानखातं म्हणायचा. काका रोज सकाळी आकाशाकडे बघून अंदाज सांगत आणि तो रोज चुकत असे. पण मदतीला हाक मारा, काका हजर. पहाटे ओहोटी लागताच दोघांनी काकांच्या होडीने तिला ओढून खाडीच्या तोंडाबाहेर नेली होती, दगड भरले होते, तळाचं बूच काढलं होतं.

"गेली का खाली? डोळ्यांनी बघितलंत?"

"कडांपर्यंत पाणी आलं तेव्हा निघालो. मला बघवेना." बाबांनी कप खाली ठेवला. "आता झालं ना तुझ्या मनासारखं? जागा मोकळी झाली ना? मग तोंड का पाडतेस?"

थोरलीने रिकामा कप उचलून आत नेला. खोटं कशाला सांगा, तिलाही क्षणभर हायसं वाटलं होतं. आणि त्या हायसं वाटण्याची तिला दिवसभर लाज वाटत राहिली.

दुपारी भरती लागली. तीनच्या सुमाराला उतारावरून कोणीतरी ओरडलं, मग दुसरा ओरडला, मग हसण्याचा गलका उठला. थोरली जाळं टाकून धावली.

होडी परत आली होती. उलटी होऊन, पोट आभाळाकडे करून, सगळे दगड ओतून देऊन, भरतीच्या पाण्यावर डुलत डुलत ती खाडीत शिरली होती. एकटी नाही. वाटेत खुंट्यांवर लावलेलं एक जाळं तिने खुंट्यांसकट ओढून आणलं होतं, आणि ते जाळं होतं हवामानखात्याचं.

"अरे देवा," काका पाण्यात गुडघाभर उभे राहून म्हणाले. "अरे देवा, माझंच?"

"काका, आज वारा कुठला सांगितला होता?" मागून कोणीतरी विचारलं, आणि अख्खा उतार पोट धरून हसला. यादीतले अकराही जण हसले. थोरलीच्या कानशिलांत रक्त चढलं. बाबा गर्दीच्या मागे उभे होते आणि उंच माणूस किती लहान दिसू शकतो ते तिने त्या दिवशी पाहिलं.

निरीक्षक बाई आल्या. होडीच्या बाजूवरचा नोंदणीचा क्रमांक अठ्ठावीस वर्षांनीही लख्ख वाचता येत होता. "ही तुमची ना?"

"माझी."

"कार्यालयात या."

कार्यालयात नाही, बाईंनी टेबल बाहेरच मांडलं होतं, आत उकडत होतं म्हणून. तिथे सगळ्यांच्या देखत बाबांनी लिहून दिलं की होडी आपण पाण्यात सोडली, ती चूक झाली, पुन्हा होणार नाही. उजवा हात वर उचलत नव्हता, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी सही केली. त्या सहीला फार वेळ लागला. कोणी हसलं नाही, आणि न हसणं जास्त लागलं.

"पुन्हा ही पाण्यात दिसली तर जागा त्याच दिवशी गेली," बाई म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "पाच दिवस आहेत अजून."

त्यातला दीड दिवस काकांच्या जाळ्यातच गेला. फाडलं आपण, शिवणार आपणच. काकांच्या अंगणात जाळं पसरलं. एका टोकाला आई आणि थोरली, दुसऱ्या टोकाला काकू. आई आणि काकू पंचवीस वर्षं एकमेकींशी जेमतेम बोलत होत्या. कधीकाळी आईचे तेलाचे रिकामे डबे एकामागून एक नाहीसे झाले होते, आणि ते काकूंनी लांबवले ह्याबद्दल आईची बालंबाल खात्री होती. तिने तसं तोंडावर म्हटलंही होतं. आता दोघी एकच जाळं दोन टोकांनी विणत मध्याकडे सरकत होत्या आणि सुई हवी असली तरी थोरलीकडून मागत होत्या.

"आईला म्हणावं, गाठ घट्ट मार."

"काकूला म्हणावं, मला शिकवू नको."

पाचव्या दिवशी दुपारी थोरलीने होडी दुरुस्तीच्या शेडमधून ग्रायंडर मागून आणला. शेडच्या मिस्त्रीने देताना बजावलं, "अंग झाकून घे, तोंड बांध, आणि पाणी मारत कापायचं. भुकटी कातडीत शिरली तर आठ दिवस खाजवत बसशील."

बाबांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला ओलं फडकं, डोळ्यांवर मिस्त्रीचा चष्मा. कार्यालयाच्या भिंतीवरून वायर ओढली. आई बादली आणि तांब्या घेऊन पाणी मारायला उभी राहिली. थोरलीने कडेवर पातं टेकवलं. ते असं किंचाळलं की धक्क्यावरचे कावळे उडाले.

काम भयंकर होतं. फायबर चिवट, पातं तापायचं, पाणी जरा कमी पडलं की पांढरा धूर उठायचा आणि जळक्या गोंदाचा वास नाकात बसायचा. जाड भागात ग्रायंडर अडकून हातातून उसळी घ्यायचा. तो भाग करवतीने. संध्याकाळी मोजलं तर एका बाजूची जेमतेम कड सुटली होती. मान, मनगटं, कोपरांच्या आतली कातडी लाल झाली होती. मनगटांवर कुसळं भरल्यासारखं टोचत होतं, आणि खाजवलं की आणखी आत जायचं. आईने चिकटपट्टी लावून ओढून काढली, तेल चोळलं.

"ते आले नाहीत," थोरली म्हणाली.

"घराच्या मागच्या बाजूला बसलेत. आवाज येऊ नये म्हणून."

"मी काय हौसेने कापतेय?"

आई तेल चोळत राहिली.

सहाव्या दिवशी थोरली तळाकडे वळली. तळाच्या फळीखाली होडीला एक पोकळी असते, कंपनी त्यात थोडा फोम भरते, होडी तरंगावी म्हणून. तो वेगळा काढायचा होता. तिने फळी चौकोनी कापली, पहार घालून उचकटली, आणि थबकली.

फोम होता, मुठीएवढा, कोपऱ्यात. बाकी सगळी पोकळी डब्यांनी भरली होती. तेलाचे डबे, झाकणं लावून वरून रेझीन ओतून बंद केलेले. रंगाचे डबे. औषधाच्या बाटल्या, बुचं मेणाने बंद. पाण्याचे कॅन. एकाला एक टेकवून, मधल्या फटींत आणखी लहान बाटल्या ठोसून, एवढ्या नेटाने बसवलेले की पहारीशिवाय एकही हलेना. म्हणून तर ती बुडाली नव्हती. ती बुडूच शकत नव्हती.

आईच्या हातातली बादली तिरकी झाली आणि पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

"माझे डबे," आई म्हणाली.

"काय?"

"माझे तेलाचे डबे! हा बघ, हा पोचा मीच पाडला होता. अगं बाई! अगं बाई, आता काय करू?" तिने कपाळावर हात मारून घेतला. गोंगाट थांबला म्हणून काकू बघायला आल्या होत्या, त्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी वाकून आत बघितलं. डबे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. पंचवीस वर्षं त्या डब्यांचंच तर ऐकून घेतलं होतं.

"मोजून घे सगळे," काकू म्हणाल्या. "एखादा कमी भरला तर माझ्याकडे झडती घ्यायला ये."

"मला मार," आई म्हणाली. "एक ठेवून दे, पण बोलणं टाकू नको."

"पंचवीस वर्षांचं एकदम कुठून मारू? हात दुखेल माझा." असं म्हणता म्हणता काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दोघी उतारावर वाळूत बसून एकमेकींना धपाटे घालत रडल्या की हसल्या ते कळायला मार्ग नव्हता.

थोरलीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. डब्यांच्या रांगेत एका फटीत काहीतरी लाल दिसत होतं. तिने हात घालून ओढलं. रबरी चेंडू. पांढरा पट्टा असलेला, रंग उडालेला, पण हवा तशीच गच्च. ह्या चेंडूसाठी तिने आठवडाभर डोकं खाल्लं होतं सगळ्यांचं. भावाने घेतला म्हणून त्याला बुकलून काढलं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

"आई, हे बाबांनी कधी केलं?"

आईने पदराने नाक पुसलं. "तू होडीवर यायचा हट्ट धरलास तेव्हाच असणार. आठवतं? जाळ्याच्या ढिगाखाली लपून बसायचीस. ह्यांना तुला नाही म्हणवेना आणि न्यायचा धीरही होईना. महिनाभर रोज दिवेलागणीपर्यंत होडीत काहीतरी ठोकत बसायचे. मला म्हणाले, तळ दुरुस्त करतोय."

थोरली चेंडू घेऊन घराच्या मागे गेली. बाबा उलट्या टोपलीवर बसले होते. भिंतीकडे तोंड, हातात काही नाही.

तिने चेंडू त्यांच्यासमोर धरला. बाबांनी तो बघितला आणि चोरी पकडल्यासारखे ओशाळले.

"एका फटीत काहीच बसत नव्हतं," ते म्हणाले. "हा बरोबर बसला."

"मी भावाला मारलं होतं ह्याच्यापायी."

"माहीत आहे. सांगणार होतो. मग सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कशाला भरलं. मग तुला वाटलं असतं होडी बुडते. पाण्याची भीती एकदा बसली की निघत नाही."

"आणि परवा तिला बुडवायला निघालात तेव्हा हे आठवलं नाही?"

"आठवलं होतं गं. वाटलं, इतक्या वर्षांत डबे पिचले असतील." त्यांनी मान हलवली. "मीच बंद केले होते. चांगले बंद केले होते."

थोरली त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. तिची मनगटं आग आग करत होती. दोन वर्षं तिला वाटत होतं, बाबांना ती होडीवर नकोच होती. खांदा गेला म्हणून नाइलाजाने ते सगळं तिच्यावर सोडत होते. तिने ते बोलून टाकलं. जसं मनात होतं तसं.

बाबांनी तिच्या हातातला चेंडू घेऊन दाबून बघितला. "तू पाण्यात माझ्यापेक्षा चांगली आहेस," ते म्हणाले. "हे कळून मला दहा वर्षं झाली. मग मी कोण उरतो, हे कळत नव्हतं. ती होडी तिथं पडलेली होती तोवर लोक म्हणायचे, ती बघा ह्यांची होडी. ती गेली की काय म्हणतील?"

"परवा जे म्हणाले त्यापेक्षा वाईट काही म्हणणार नाहीत."

बाबांच्या तोंडून हसू निसटलं. मग ते टोपलीवरून उठले, गुडघे कडकड वाजले. "कुठून कापतेस?"

"कडेपासून."

"वेडी आहेस. कडेला आत लाकूड आहे, पातं खाईल. तळाच्या मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी वीतभर सोडून काप. अशाने दीड दिवसाचं काम तीन दिवस चालेल."

त्यांचा खांदा कापायच्या कामाचा नव्हता. पण होडीच्या अंगात काय कुठे आहे, कुठे थर जाड, कुठे जुनं ठिगळ, कुठे आत पोकळ, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. डाव्या हातात खडू घेऊन ते रेघा मारत पुढे सरकले आणि थोरली त्या रेघांवरून पातं फिरवत गेली. पाणी मारायला आता आई आणि काकू दोघी होत्या, आणि दोघींच्या गप्पांच्या नादात निम्मं पाणी थोरलीच्या अंगावर पडत होतं. काका तुकडे उचलून रचत होते.

"उद्या ऊन पडेल," काका आकाशाकडे बघून म्हणाले.

"म्हणजे तुकड्यांवर ताडपत्री घाला," बाबा म्हणाले.

नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकापाशी, थोरलीने ग्रायंडर बंद केला आणि बाबांकडे बघितलं. तिथे फायबर सगळ्यात जाड होतं. बाबांनी नुसतीच मान डोलावली. मग म्हणाले, "करवत दे." डाव्या हाताने त्यांनी ती आधी दहा-बारा वेळा स्वतः ओढली. श्वास फुलला, कपाळावरून घाम डोळ्यांत गेला. मग करवत तिच्या हातात दिली आणि समोर बसून त्यांनी तुकडा धरून ठेवला, हलू नये म्हणून.

शनिवारी काकांच्या हातगाडीने सात फेऱ्या झाल्या. पाऊस अर्थातच पडला. डेपोवरच्या मुकादमाने प्रत्येक फेरीला तुकड्याशेजारी आपला हात लावून लांबी बघितली आणि दोन तुकडे चार बोटं जास्त आहेत म्हणून परत दिले. थोरलीने ते तिथेच पावसात, गुडघ्यात धरून, करवतीने कापले. मुकादम छत्रीखाली उभा राहून बघत होता. शेवटच्या फेरीला त्याने न मोजताच गाडी आत घेतली आणि पावतीवर शिक्का मारला. चार वाजता भट्टीचा ट्रक तुकडे घेऊन निघून गेला.

आठव्या दिवशी सकाळी निरीक्षक बाई आल्या तेव्हा जागा झाडून काढलेली होती. आईने तर पाणीही शिंपडलं होतं. बाईंनी पावती बघितली, वाळूत पेनाने टोकरून बघितलं, तुकडे पुरले तर नाहीत ना म्हणून. यादीतला पहिला माणूस जरा लांब उभा राहून हे बघत होता. बाईंनी वहीत जुना क्रमांक खोडला आणि नवा अर्ज काढला.

"जागा कायम. नवी होडी कुठली?"

"आत्याची. खाडीपलीकडून आणायची आहे," थोरलीने सांगितलं.

"होडीवर मुख्य कोण?" बाईंनी पेन टेकवलं आणि सवयीने बाबांकडे बघितलं. ह्या रकान्यात आजवर त्यांचंच नाव होतं.

थोरलीने खाली बघितलं. मनगटांवरचे लाल चट्टे तिने बाह्या ओढून झाकले. तिला ते स्वतःहून म्हणायचं नव्हतं. मागून घेतलेलं तिला नको होतं.

"ही," बाबा म्हणाले. "माझी थोरली. हिचं नाव लिहा." मोठ्याने म्हणाले. उतारावरच्या चार माणसांनी मान वळवून बघितलं.

बाईंनी लिहिलं. "आणि सोबत काम करणारा? दुसरा माणूस लागतो, एकट्याला परवानगी नाही."

बाबांनी टोपी काढली, हातात घेतली, आणि बाईंकडे नाही तर मुलीकडे वळले.

"एक खांदा निकामी आहे," ते तिला म्हणाले. "जाळं ओढता येणार नाही. मासळी निवडेन, पाणी उपसेन. बोलायची सवय आहे, ती कमी करीन. ठेवशील का मला होडीवर?"

थोरलीने दोनदा मान डोलावली. मग बाह्या वर सरकवल्या. "पहाटे चारला निघायचं. उशीर केलात तर थांबणार नाही."

"तीनलाच येऊन बसतो," बाबा म्हणाले, आणि सही करायला टेबलाकडे गेले.